नक्कलबाईंचं छापील अक्षर

नक्कलबाईंना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नाव पेन्शनच्या कागदावर होतं, बाकी सगळ्या गल्लीला त्या नक्कलबाई. कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. दावे, जबान्या, निकाल, जो कागद समोर येईल त्याची हुबेहूब प्रत करायची, खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा आणि पुढचा कागद ओढायचा. झेरॉक्सची यंत्रं आली तेव्हा बाकीच्यांची पेनं सुकली. पण जुने, पुसट, उंदरांनी कुरतडलेले कागद यंत्राला उमगत नसत. ते बाईंच्याच टेबलावर यायचे.

अक्षर छापील. लोक उगाच कौतुक करायला म्हणतात तसं छापील नव्हे. नवखा वकील त्यांची प्रत खिडकीपाशी नेऊन उलटी करून बघायचा, मागे टाइपाचे वळ उमटलेत का म्हणून. आणि अक्षराहून मोठा अभिमान म्हणजे इमान. एका भावाने दुसऱ्याला चार पानं भरून दिलेल्या शिव्या बाईंनी एकही शिवी न गाळता उतरवल्या होत्या, मध्ये चहा पिऊन. एका जबानीत साक्षीदाराचं वय त्रेचाळीसऐवजी चारशे तीस पडलं होतं. बाईंनी चारशे तीसच लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, “अहो, चारशे तीस वर्षांचा माणूस जिना चढून साक्षीला येईल का?”

बाई म्हणाल्या, “ते मला ठाऊक नाही, साहेब. मुळात तसंच आहे.”

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांतच हाताला मुंग्या यायला लागल्या. धाकटा भाऊ आणि त्या, दोघांचंच घर. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. भावाला जमलं नाही आणि बाईंना वेळ नव्हता. किराण्याच्या यादीला बाई समास सोडायला लागल्या तेव्हा भावानेच सुचवलं, “ताई, कॉलेजात लेखनिक हवे असतात. ज्यांना दिसत नाही, हात चालत नाही, त्यांचे पेपर लिहायला. जा बाई. घरातले कागद संपत आलेत.”

ते काम जणू बाईंसाठीच काढलेलं होतं. विद्यार्थी सांगेल ते लिहायचं. कमी नाही, जास्त नाही, आपली अक्कल घालायची नाही. अकरा वर्षांत सव्वीस विद्यार्थी झाले. एका पोराने भूगोलाच्या पेपरात नदी समुद्रातून उगम पावून डोंगरावर चढवली. बाईंनी दातओठ खात चढवली. मग घरी येऊन आठवडाभर भावाला ती नदी ऐकवली. भावाच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. बाईंचा सूर वर गेला की तो ते काढून डबीत ठेवायचा आणि अगदी समजूतदारपणे मान डोलवायचा.

सत्ताविसावी विद्यार्थिनी त्यांच्याच इमारतीतली निघाली. तळमजल्यावर टेलरमास्तरांचं दुकान, मागे दोन खोल्या, तिथे मास्तर आणि त्यांची मुलगी. मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं आणि जन्मापासून ती गप्पही बसली नव्हती. आई लवकर गेली. मास्तर कापडाशी बोलायचे, माणसांशी कमी; त्यामुळे घरातलं बोलण्याचं सगळं खातं मुलीकडे आलं होतं. समाजशास्त्र शिकत होती. पहिल्या दोन वर्षांचे पेपर बाईंनीच लिहिले. अभ्यासाला ती वर यायची, बाई पुस्तक वाचून दाखवायच्या, ती मध्येच म्हणायची, “थांबा आजी, हे ज्याने लिहिलंय तो कधी घराबाहेर पडलाय का?” बाई म्हणायच्या, “बयो, तू पास हो, मग त्याला घराबाहेर काढ.” चिडली की मात्र ती ‘आजी’ सोडून ‘बाई’ म्हणायची. हे बाईंना कळायचं, आणि लागायचंही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने तिला लॅपटॉप दिला आणि मास्तरांनी चांगला फोन घेऊन दिला. तिथून घराला चैन पडेनाशी झाली. लॅपटॉपवर जे असेल ते वाचून दाखवणारी एक बाई त्या यंत्रात बसवलेली होती. तिचा वेग मुलीने इतका वाढवून ठेवला होता की ऐकणाऱ्याला वाटावं बाटलीत डास कोंडलाय.

“हे तुला कळतं?” बाईंनी विचारलं.

“तुमचं बोलणं कळतं ना मला? मग हे काय अवघड आहे!”

फोनमध्ये एक ॲप होतं. कागदावर धरलं की कागद वाचायचं, डब्यावर धरलं की डब्यात काय ते सांगायचं, माणसावर धरलं की माणसाचं वर्णन करायचं. मुलीने ते भावावर धरलं. ॲप म्हणालं, “एक वयस्कर माणूस, हसत आहे.” मग तिने फोन बाईंकडे वळवला. ॲपने क्षणभर विचार केला. “एक वयस्कर माणूस, हातात पेन, रागावलेला.”

हे वाक्य भावाला कसं कोण जाणे पहिल्याच खेपेला ऐकू आलं. तो इतका हसला की कानातलं यंत्र चहात पडलं.

“फुकटचं ॲप आहे, आजी,” मुलगी म्हणाली, “बाई आणि बुवा यांतला फरक बहुतेक पैसे भरल्यावर सांगतं.”

इथवर बाईंनी चालवून घेतलं. पण एके दिवशी ती जिना चढून आली, खुर्चीत नीट बसली, ही तिची काहीतरी मागायची बैठक, आणि म्हणाली, “आजी, वार्षिक परीक्षेचे पेपर या वर्षी मी स्वतः लिहिणार. लॅपटॉपवर.”

“आणि मी?”

“तुम्ही घरी आराम करा.”

आराम हा शब्द बाईंना शिवीसारखा लागायचा. “मी आराम करू? आणि तो डास तुझा पेपर लिहिणार?”

“डास वाचणार. लिहिणार मी. आजवर माझ्या नावावरचा एक कागद मी स्वतः लिहिलेला नाही. तीन वर्षं शिकून पदवी मिळणार, आणि त्यात माझ्या हातची एक ओळ नसणार. तसं नकोय मला.”

यात एकच अडसर होता. परीक्षा विभागाचे साहेब. त्यांनी मुलीच्या हातात एक छापील अर्ज दिला होता आणि सांगितलं होतं, “तुमच्या लेखनिक बाई इतक्या वर्षांच्या अनुभवी आहेत. त्यांनी लेखी द्यावं की यंत्र विश्वासाचं आहे आणि लेखनिकाची गरज नाही. मग मी परवानगी देतो. नाहीतर आहे ते चालू द्या.” म्हणजे पोरीने स्वतःचा पेपर स्वतः लिहायचा की नाही, हे बाईंच्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं.

बाईंनी अर्ज घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाल्या, “बघू.”

बघू म्हणून आठ दिवस गेले. बाई रोज खण उघडायच्या, अर्ज बघायच्या, खण बंद करायच्या. भावाला सांगायच्या, “यंत्राचा काय भरवसा? मनाचं काहीतरी घालेल. माझ्या हातून एकतीस अधिक चौदा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.” भाऊ डबी चाचपायचा.

नवव्या दिवशी सराव परीक्षेचे पेपर परत मिळाले. हा पेपरसुद्धा बाईंनीच लिहिला होता. शंभरपैकी त्रेपन्न. मुलगी दुकानात येऊन बापाला सांगत होती, आणि बाई जिन्यावर थांबून, म्हणजे योगायोगाने, ऐकत होत्या.

“प्राध्यापिका म्हणाल्या, मांडणी नेटकी आहे, अक्षर तर फ्रेम करून लावावं असं. पण तुझं स्वतःचं मत कुठेच दिसत नाही.”

मास्तरांचं मशीन थांबलं. “तुला मत नाही?”

“हो.”

“तुला?” मास्तर तोंडातली टाचणी काढून हसायला लागले. “मग या घरात सकाळी सहापासून काय चालतं ते?”

मुलगी हसली नाही. बाई पाय न वाजवता वर गेल्या. अर्थात त्या पोरीला पाय न वाजवतासुद्धा ऐकू यायचं.

अर्ध्या तासात ती पेपर आणि फोन घेऊन वर आली.

“आण, वाचून दाखवते,” बाई म्हणाल्या, जरा जास्तच घाईने.

“नको. तुम्ही लिहिलंय, वाचायला दुसरं कुणी हवं.” तिने पेपर टेबलावर पसरला, कडा बोटांनी सारख्या केल्या आणि वर फोन धरला.

बाई निर्धास्त होत्या. हाताने लिहिलेलं या ॲपला वाचता येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मैत्रिणीच्या वहीवर धरलं होतं तेव्हा ॲप म्हणालं होतं, “पसक खाट दोनशे मीटर घळ.” डॉक्टरांच्या चिठ्ठीवर धरलं तर नुसतंच गप्प बसलं होतं, भ्यायल्यासारखं. तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या.

पण ते अक्षर नक्कलबाईंचं होतं. छापील. ॲपला वाटलं असावं पुस्तकच समोर आलंय. पहिल्या शब्दापासून ते घडाघडा वाचायला लागलं, एका ठिकाणी अडलं नाही, आणि मुलीने त्याचा वेग मुद्दाम इतका कमी केला होता की एकेक शब्द खोलीत उभा राहत होता.

“कुटुंबातील ज्येष्ठ स्त्रियांचे स्थान अत्यंत आदराचे असते. त्यांच्या अनुभवाचा लाभ सर्व सदस्यांना होतो.”

मुलीने ॲप थांबवलं. “बाई, मी काय सांगितलं होतं?”

‘बाई’ म्हणाली. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. “एवढं कुठलं लक्षात राहायला.”

“मला आहे. मी म्हणाले होते, सासू म्हणजे निवडणूक न घेता आलेलं सरकार असतं आणि सून म्हणजे त्या सरकारची रांगेत उभी जनता.”

“परीक्षेत असं लिहितात का? तपासणारी कुणाची तरी सासू असेल!”

ॲप पुढे वाचायला लागलं. “विवाहाच्या वेळी मुलीच्या आवडीनिवडीचा विचार केला जातो.”

“मी म्हणाले होते, मुलीला साडीचा रंग विचारतात आणि नवरा सांगतात.”

कोपऱ्यात बसलेल्या भावाने कानातलं यंत्र काढायला हात वर नेला होता. तो तसाच राहिला. उलट त्याने आवाज एक घर वाढवला.

“अपंग मुलांकडे समाज सहानुभूतीने पाहतो.”

मुलीने ॲप बंदच केलं. मग म्हणाली, “मी म्हणाले होते, समाज आमच्यावर दया करतो, कारण जिना बदलण्यापेक्षा दया स्वस्त पडते. आठ ओळी सांगितल्या होत्या त्यावर मी. तुम्ही एका ओळीत आवरलंत.”

“अगं, तुझ्या भल्यासाठी…”

“गेल्या वर्षी पण? आणि त्याच्या आधी?”

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. त्यांच्या धंद्यात ती लागलीच नव्हती. “थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“जिथे तू फार टोचून बोलायचीस तिथे. मार्क कमी पडले असते तुला!”

“त्रेपन्न पडले, बाई. ते तुमचे पडले. माझे किती पडले असते ते आता कधीच कळणार नाही.”

तिने पेपरची घडी घातली, फोन खिशात टाकला आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, “नदीवाल्या पोराची नदी तुम्ही डोंगरावर चढवलीत. त्याचं एक अक्षर बदललं नाहीत. माझंच काय म्हणून?” आणि जिना उतरून गेली. रोज ती कठड्यावर बोटांनी ताल धरत उतरायची. त्या दिवशी नुसतीच उतरली.

चार दिवस ती वर फिरकली नाही. चार दिवस बाईंनी घरातली भांडी इतकी घासली की त्यांच्यात तोंड दिसायला लागलं, आणि ते तोंड त्यांना बघवेना. भावाशी बोलायला लागल्या तर तो कानातलं यंत्र काढेना. हा नवीनच त्रास.

“तू तरी सांग,” शेवटी त्या म्हणाल्या, “माझी एवढी काय मोठी चूक झाली?”

“ताई, तू माझ्याशीही हेच करतेस.”

“मी? तुझे कुठले पेपर लिहिले मी?”

“डॉक्टर मला विचारतात, काय होतंय. मी म्हणतो, गुडघा दुखतो, जीव नकोसा झालाय. तू म्हणतेस, त्याला तसं काही नाही, जरा आळस आहे. डॉक्टर तुझंच लिहून घेतात.” भावाने चहाचा घोट घेतला. “अकरा वर्षं मी आळसावरची गोळी खातोय.”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा घडलं नव्हतं, त्यामुळे भाऊ टक लावून बघत राहिला.

“त्या नदीवाल्या पोराचं मला काही पडलं नव्हतं रे,” त्या म्हणाल्या. “कोर्टातल्या त्या भावांचंही नाही. हिचं वाटतं. हिला कुणी वाईट म्हणू नये असं वाटतं.”

“मग वाटू दे ना. लिहितेस कशाला?”

दुपारी बाईंनी खण उघडून अर्ज काढला. ‘लेखनिकाचा अभिप्राय’ अशी मोठी रिकामी चौकट होती. बाईंनी पेन उघडलं आणि बसून राहिल्या. एकतीस अधिक चौदा वर्षं त्यांनी फक्त दुसऱ्याचं लिहिलं होतं. समोर मूळ प्रत नाही, कानाशी सांगणारं कुणी नाही, स्वतःचं वाक्य काढायचं म्हणजे काय करायचं तेच त्यांना सुचेना. तीन कच्चे कागद फाडले. पहिल्यावर ‘सदर यंत्र’ एवढंच होतं. दुसऱ्यावर ‘सदर मुलगी’. तिसऱ्यावर नुसतंच ‘सदर’. चौथा न फाडता त्या उठल्या, चपला घातल्या आणि खाली गेल्या.

मुलगी दुकानात बटणं निवडत बसली होती, बोटांनी चाचपून दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात. मास्तर मशीन चालवत होते. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्या मशीनच्या खडखडाटाच्या आडून पटकन म्हणाल्या, “चूक झाली माझी.”

मास्तरांनी पायाने मशीन थांबवलं. “काय म्हणालात, बाई?”

“तुम्हाला नाही म्हणाले.”

मशीनचा आडोसा गेला. आता परत म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “चूक झाली म्हटलं. तुझं तू बोलायचं होतंस आणि मी लिहायचं होतं. ऊठ. लॅपटॉप घे. साहेबांकडे जायचंय.”

मुलगी बटणं निवडत राहिली. एक, दोन, तीन. “अर्ज लिहिलात?”

“नाही. मला लिहिता येत नाही. मी तोंडी सांगणार आहे.”

हे ऐकून मात्र ती उठली.

परीक्षा विभागाचे साहेब सज्जन होते, पण ज्या गोष्टीचा छापील अर्ज नाही त्या गोष्टीला ते भीत. टेबलावर सात शिक्के, वयाप्रमाणे लावलेले. त्यांनी जुनी प्रश्नपत्रिका लॅपटॉपवर घालून दिली आणि म्हणाले, “अर्धा तास. एक प्रश्न सोडवून दाखवा.” मुलीने इअरफोन कानात घातला आणि बोटं चालवायला सुरुवात केली. साहेब पाचव्या मिनिटाला सहज मागून डोकावले आणि घाबरले.

“अहो, बंद पडलंय हे! स्क्रीन काळा झालाय! मी म्हटलंच होतं यंत्राचं काही…”

मुलीची बोटं चालूच होती. बाई म्हणाल्या, “साहेब, बसा. स्क्रीन तिने मुद्दाम बंद ठेवलाय. बॅटरी वाचते. तिला उजेड कशाला हवाय?”

साहेब बसले, पण अर्धेच. अर्ध्या तासाने मुलीने एक कळ दाबली. उजेड झाला आणि समोर दोन पानं, भरलेली. साहेबांनी ती वाचली, परत वाचली. मग संशय येऊन एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. “हे कुठल्या भाषेत बोलतंय?”

“आपल्याच, साहेब,” मुलगी म्हणाली. “तुमच्यासाठी हळू करू का? खूप हळू करता येतं.”

साहेबांनी ते सौजन्य नाकारलं आणि बाईंकडे वळले. “बाई, मला यातलं कळत नाही. तुमच्या शब्दावर आहे. उत्तर सांगत नाही ना ते तिला? मनाचं काही घालत नाही ना?”

बाई ताठ बसल्या. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात असतात तशा. एकतीस वर्षं त्यांनी अशा जबान्या उतरवल्या होत्या. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

“यंत्र मनाचं घालत नाही, साहेब. मी घालते.”

“म्हणजे?”

“सराव परीक्षेत घातलं. त्याआधीच्या दोन वर्षांतही घातलं, थोडंथोडं. ती जे म्हणाली ते मी मऊ करून लिहिलं. हिच्या यंत्राने माझाच कागद वाचून मला पकडलं. तेव्हा दोघांत विश्वासाचं कोण, ते तुम्ही बघा. आणि लेखनिकांच्या यादीतून माझं नाव काढून टाका.”

मुलगी वळली. हे तिला ठाऊक नव्हतं. “आजी, यादीतून काढा असं मी नव्हते म्हणाले.”

“तू गप्प बस. माझी जबानी चाललीय.”

साहेबांनी एक शिक्का उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. त्यांच्या सात शिक्क्यांत या प्रकाराला एकही नव्हता. “मागच्या दोन वर्षांचं,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही काय म्हणालात ते त्या पंख्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.”

पंखा बंद होता. बाई ते सांगणार होत्या, पण मुलीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“परवानगी देतो. अभिप्राय तोंडी दिला अशी नोंद मीच करतो,” साहेब म्हणाले. “नाव यादीतून या परीक्षेनंतर काढू. एका अटीवर. यंत्र ऐन वेळी बंद पडलं तर लेखनिक खोलीत हजर पाहिजे. बाई, तुम्ही बसा. पण हात लावायचा नाही.”

परीक्षेच्या दिवशी बाई दोन पेनं घेऊन खोलीत बसल्या. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, एक टेबल, आणि बाईंच्या बरोबर समोर तो लॅपटॉप. स्क्रीन काळाकुळकुळीत. इअरफोन मुलीच्या कानात. तीन तास.

बाईंच्या आयुष्यात इतके लांब तीन तास कधी आले नव्हते. पोरगी काय लिहितेय ते दिसत नाही, ऐकू येत नाही, नुसती बोटांची टपटप. पहिल्या तासात त्यांनी पेनाचं टोपण अडतीस वेळा लावलं. पर्यवेक्षकाने खूण केली तेव्हा पेन पर्समध्ये टाकलं आणि हात मांडीखाली दाबून बसल्या. दुसऱ्या तासात टपटप एकदम थांबली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. अडली असेल का? बॅटरी संपली का? पेन काढू का? मुलगी जरा विचारात पडली होती, मग स्वतःशीच खुदकन हसली आणि दुप्पट वेगाने टपटपायला लागली. बाईंच्या अंगावर काटा आला. ती खुदकन हसते म्हणजे काय लिहीत असेल, हे त्या एकट्याच ओळखून होत्या. तिकडे धावत जाऊन ते वाक्य मऊ करावं असं त्यांच्या दहाही बोटांना वाटत होतं. बोटं मांडीखाली होती. तिथेच राहिली.

यंत्र बंद पडलं नाही. एकदाही नाही. बाईंना याचा किती राग आला हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वेळ संपल्यावर पेपर छापून आला. साहेबांनी बाईंना प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही करायला सांगितलं, पानं पूर्ण असल्याबद्दल. शेवटच्या कागदावर रकाना होता, ‘लेखनिकाचे नाव’. साहेब म्हणाले, तो रिकामा सोडा. बाईंना रिकामा रकाना बघवत नसे. त्यांनी पर्समधून चांगलं पेन काढलं आणि त्यांच्या उभ्या आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या अक्षरात लिहिलं, ‘उमेदवार स्वतः’.

“थांबा,” मुलगी म्हणाली आणि कागदावर फोन धरला. आता बाईंचा कागद तपासल्याशिवाय पुढे जात नसे. बाई शाळेतल्या पोरीसारख्या हात बांधून उभ्या राहिल्या. ॲप म्हणालं, “लेखनिकाचे नाव. उमेदवार स्वतः.”

“बरोबर आहे,” मुलगी म्हणाली.

दोघी बाहेर आल्या. फाटकाकडे चालू लागल्या. तिचा हात बाईंच्या कोपरावर होता.

“सह्या करताना वाचलंत ना?”

“नजर पडते. डोळे मिटून सह्या कशा करायच्या?”

“कुठली ओळ?”

बाईंनी पावलं वाढवली. कुटुंबाच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या पानावर होतं. निवडणूक न घेता आलेलं सरकार तिथे जसंच्या तसं बसलेलं होतं, रांगेतल्या जनतेसकट. पण त्याखाली एक नवीन ओळ होती. काही वेळा हे सरकार वरच्या मजल्यावर राहतं, आपल्यावर जीव टाकतं आणि त्याचं अक्षर फार सुंदर असतं. अशा सरकारविरुद्ध बोलणं सगळ्यात अवघड.

“परीक्षेच्या पेपरात असलं लिहितात का गं?” बाई म्हणाल्या. मग पर्समध्ये हात घालून त्यांनी पेनाचं टोपण घट्ट बसवलं.

“त्याला मी काय करणार, आजी?” पोरगी म्हणाली. “मुळात तसंच आहे.”